शेजारणीची सही

सातपूरला राहायला आल्यापासून माझी सकाळ एकाच कामात जाते. शेजारची उज्वला आपलं अंगण झाडते आणि सगळा कचरा माझ्या दारापुढे लोटून आत जाते. मी तो भरून टाकते, दुसऱ्या दिवशी तेवढाच पुन्हा हजर. गोडीत सांगून झालं, भांडूनही झालं.

परवा हवालदार आले. उज्वलाच्या मुलाला, कल्पेशला, नौदलाच्या बंदरात काम लागलं होतं, आणि आत सोडण्याआधी शेजाऱ्यांकडे त्याची चौकशी करायची होती. त्या दिवशी माझं दार पहिल्यांदाच लख्ख होतं. उज्वला पडद्याआडून बघत होती.

"काम काय आहे त्याला?" मी विचारलं.

"जहाजं आत येतात ना, त्या वाटेतला गाळ उपसायचा. काढला की भरतीबरोबर पुन्हा येऊन बसतो, पुन्हा काढायचा," हवालदार हसले. "जन्मभर पुरेल असं काम आहे. बोला, मुलगा कसा आहे?"

"सोन्यासारखा आहे. डोळे झाकून घ्या म्हणावं." त्यांनी तसं लिहून घेतलं, मी खाली सही केली.

संध्याकाळी उज्वला शिऱ्याची वाटी घेऊन आली. डोळे भरले होते. "वहिनी, मला वाटलं होतं, तुम्ही आज सूड घेणार."

 

"घेतला की," मी वाटी हातात घेत म्हणाले, "माझी रोजची सकाळ तुझ्या पोराच्या नावावर लिहून दिली."