धा भाकरी

कौसाबाई आठ महिने लातूरच्या एका मानसिक पुनर्वसन केंद्रात होती. आजारपणात तिनं एकदा घरच्या पिठात राख कालवली होती. म्हणून तिच्या हाती परत पीठ देताना केंद्र चालवणाऱ्या सुकन्या मॅडमनी घाई केली नाही. आधी नुसतं चाळायला दिलं, मग मळायला. ज्या दिवशी तिची भाकरी तव्यावर टम्म फुगली, त्या दिवशी केंद्रातल्या सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या आणि मॅडमनी तिला घरी पाठवायचं ठरवलं.

तीन महिन्यांनी मुलगा धनराज तिला रेणापूरहून तपासणीला घेऊन आला. मॅडमनी फाईल उघडली.

"स्वयंपाक करतात का आई?"

"हाव. रोज धा भाकरी थापती," धनराज म्हणाला. "टोपल्यात एक बी उरत न्हाई."

मॅडम खूश झाल्या. त्यांनी स्वयंपाकाच्या रकान्यात खूण केली आणि धनराजला खाली औषधं आणायला पाठवलं.

तो गेल्यावर कौसाबाईनं खुर्ची पुढं ओढली.

"मॅडम, हितं भाकरी थापायला बाई लागती का?"

"अहो, आता घर सोडून इथं कशाला? तुमच्या भाकरी तर सगळ्या संपतात म्हणे."

कौसाबाईनं एकदा दाराकडं बघितलं. धनराज अजून आला नव्हता.

"संपत्यात की," ती हळूच म्हणाली. "म्हैस लई आवडीनं खाती."