सलग तीन कुलपं

“साधाच मेल करा ना हो,” चष्मेवाली चौथ्यांदा म्हणाली. “माझाच जन्म, माझीच आई. चोरायला कोण टपून बसलंय?”

“साधा मेल म्हणजे पोस्टकार्ड,” फोनवरच्या बाई म्हणाल्या. “वाटेत ज्याच्या हाती पडेल तो वाचतो. आमच्याकडून कुलपाशिवाय काही बाहेर जात नाही.”

बाई दत्तक नोंदणीच्या कार्यालयात होत्या. नाजूक माहितीचा प्रत्येक मेल कुलूपबंद होऊनच जातोय ना, हे बघणं त्यांचं काम. नाव विचारलं तर ‘आमच्याकडे सांगायची पद्धत नाही’ म्हणाल्या; पण मुख्य नंबरवर ताटकळायला नको म्हणून आपल्या टेबलाचा थेट नंबर दिला. चष्मेवालीने मनातल्या मनात त्यांचं बारसं उरकून टाकलं: कुलूपबाई.

चष्मेवाली दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. बत्तीस वर्षं जन्मदात्रीवाचून तिचं काही अडलं नव्हतं. अडलं ते डोळ्यांच्या डॉक्टरांपाशी. तिच्या डोळ्यांतला दाब वाढला होता.

“आईला काचबिंदू आहे का?” डॉक्टरांनी विचारलं. “घराण्यातून आला असेल तर थांबून चालणार नाही. नजर गेली की परत येत नाही.”

“मला नाही,” सोबत आलेली आई पटकन म्हणाली, आणि मग तिने जीभ चावली.

अर्जात कारण म्हणून हेच लिहिलं होतं. अर्ज मंजूरही झाला. राहिलं होतं फक्त कुलूप.

कुलूपबाईंची रीत अशी: खरा कागद जाण्याआधी चाचणीचे मेल. पासवर्ड फोनवर सांगायचा, मेल वेगळा धाडायचा. चष्मेवालीने तो उघडायचा आणि आतल्या प्रश्नाचं उत्तर कुलूप लावूनच परत करायचं. सलग तीन जमले की कागद. मध्ये घसरलं की पुन्हा एकपासून.

“प्रश्न कसले?”

“कसलेही. कुलपात ठेवायला काहीतरी हवं म्हणून.”

पहिला प्रश्न आला: दुपारी किती वाजता जेवता? ‘सवड होईल तेव्हा,’ असं तिने कुलूपबंद कळवलं. दुसरा: डावखुऱ्या आहात का? ‘हो’ म्हणून उत्तर गेलं ते उघडंच. डाव मोडला.

दुसऱ्या फेरीत दोन जमले. तिसऱ्याला प्रश्न होता, लहानपणी अंगणात खेळायला मिळालं का. चष्मेवालीने घाईत ‘हो, भरपूर’ हे विषयाच्या ओळीतच लिहिलं.

“विषयाची ओळ कुलपाबाहेर राहते,” कुलूपबाई म्हणाल्या. “कपाटाला कुलूप आणि दागिने ओसरीवर, त्यातली गत. पुन्हा पहिल्यापासून.”

“तुम्हाला मजा येतेय ना?”

“थोडी,” बाईंनी कबूल केलं.

तीन आठवड्यांत बावीस फोन झाले. भिंग घासता घासता डाव्या हाताने नंबर फिरवला जायचा, बघायलाही लागायचं नाही.

“या बाईला स्वतःचं घरदार आहे की नाही?” आईने विचारलं. “जेवतेस कधी आणि खेळलीस कुठे. भोचकभवानी कुठली.”

“तू काय कमी आहेस?”

“मी आई आहे.” आईने ताटलीवर झाकण ठेवलं, मग काढलं, पुन्हा ठेवलं. “त्या कागदात फोन नंबरही असेल का गं?”

“असेल. का?”

“काही नाही. आपलं विचारलं.”

चष्मेवालीच्या मनात पाल चुकचुकली. वेळ काढा म्हणून आईनेच तर बाईंना गळ घातली नसेल? दुसऱ्या दिवशी तिने सरळच विचारलं, “माझ्या आईचा फोन आला होता का तुम्हाला?”



“कुठल्या आईचा?”

“जी माझ्या जेवणाच्या मागे लागते तिचा.”

“नाही आला,” कुलूपबाई म्हणाल्या. “बऱ्या आहेत का स्वभावाने?”

“कटकटी आहे. चांगली आहे.”

“मग झालं तर.”

तिसऱ्या फेरीचा तिसरा प्रश्न शुक्रवारी आला: संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का? अर्ज वाचून सुचला असणार, असं म्हणत चष्मेवालीने ‘दिसतं’ लिहिलं, कुलूप दोनदा तपासलं आणि विषयाची ओळ कोरी सोडली.

सोमवारी दुपारी दुकानात फोन आला. “जमलं,” कुलूपबाई म्हणाल्या. त्यांनी पासवर्ड सांगितला, तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला. “कागद पाठवलाय. आता मला फोन करायचं कारण उरलं नाही तुम्हाला.”

“चुकल्याचुकल्यासारखं होईल हो मला.”

“आधी मेल उघडा,” म्हणत बाईंनी फोन ठेवला.

त्या दिवशी सकाळीच डॉक्टरांनी तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घातले होते. चष्मेवालीला जवळचं सगळं धुरकट दिसत होतं. तिने स्क्रीन डबा घेऊन आलेल्या आईकडे वळवला. “तूच उघड. आणि मोठ्याने वाच.”

आईने चष्मा चढवला. एका बोटाने पासवर्ड टाकला. कुलूप निघालं.

“नाव आहे,” ती म्हणाली आणि तिने ते वाचलं. चष्मेवालीने ते कधी ऐकलेलं नव्हतं.

“खाली लिहिलंय, काचबिंदू दोन्ही डोळ्यांत. तिशीतच सुरू झाला.” आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. “आजच डॉक्टरांना सांगू.”

“पुढे?”

“मुलीची इच्छा असेल तर भेटायची तयारी आहे, असं आहे. आणि नंबर.” आईने पेन तिच्याकडे सरकवलं. “लिहून घे. माझ्याकडे बघू नकोस, घे लिहून.”

चष्मेवालीने पेन उचललं. आई एकेक आकडा सावकाश वाचू लागली.

सहाव्या आकड्याला चष्मेवालीने पेन खाली ठेवलं. उरलेले चार तिनेच म्हणून दाखवले.