छातीचे फोटो

"लहानपणी छातीचा फोटो काढला होता का, मावशी? एक्स-रे?" कल्याणीने तिसऱ्यांदा विचारलं. "नीट आठवा."

लंकाबाईंनी आठवल्यासारखं केलं. खरं तर आठवायला काही नव्हतंच. पण अशा फोटोंनी कॅन्सर होतो का, याची पुण्याच्या डॉक्टरांसाठी माहिती गोळा करणारी ही पोरगी ओतूरची, आणि लेकीचं, आरोहीचं स्थळही ओतूरचंच. रविवारी सुपारी फुटायची होती. लंकाबाईंना स्तनाचा कॅन्सर झालेला पावण्यांना ठाऊक होता. लंकाबाईंच्या आईलाही तोच झाला होता, हे ठाऊक नव्हतं. दुखणं रक्तातलं आहे म्हटल्यावर पोरगी कोण करून घेणार?

"काढलं की. लई काढलं," त्या म्हणाल्या. "घोडेगावला, म्हायेरी व्हते तवा. खोकला हटत नव्हता."

कल्याणीचा चेहरा उजळला. तिला हवं ते सापडलं होतं. "आणि घरात हा आजार आणखी कुणाला?"

"न्हाई. आई तापानं गेली."

आईच्या छातीवरची ओली फडकी त्यांनी स्वतः बदलली होती. मेल्या आईचं दुखणंही आपण नाकारलं, या विचाराने त्यांची मान वर होईना. जनाची लाज राखायला त्यांनी मनाची लाज सोडली होती.

मग कल्याणी शेजारी शीलाकडे गेली. शीला धडधाकट; तुलनेला तशाही बायका लागतात म्हणे. "फोटोबिटो काढले कधी?" "न्हाई बाई." दारातच काम उरकलं. तिला कुणी नीट आठवायला सांगितलं नाही.

आरोही पडवीत कांदे निवडत सगळं ऐकत होती. महिनाभर ती गप्प गप्पच असायची. लग्नाची धास्ती असेल, असं लंकाबाई धरून चालल्या होत्या. आता ती उठून आईजवळ येऊन बसली. आजी गेली तेव्हा ही पाळण्यात होती. हिला तरी खरं सांगावं, असं लंकाबाईंच्या ओठांवर आलं.

पण आरोही हसत होती. कितीतरी दिवसांनी.

"फोटोमुळं झालं व्हय तुला? आधी सांगायचंस की, आई. मी उगाच घाबरले." तिने आईचा हात धरून स्वतःच्या काखेपाशी नेला. "ही बघ, गाठ. उद्या दवाखान्यात जाणार होते. आता कशाला जायचं? मी कुठं कधी फोटो काढलाय?"