भोळ्याचे आकडे

"ताकद पाच, चपळाई चार, बुद्धी तीन." मास्तरांनी कागद वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, आकडे अठरापैकी असतात, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," शिवणकाम करणारी ताई म्हणाली. "घरीच फासे टाकले. असेच पडले."

या गोष्टीच्या खेळात प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, आणि त्याच्या गुणांचे फासे खरं तर सगळ्यांसमोर टाकायचे असतात. घरी टाकले की माणसं हमखास शूरवीर होऊन येतात. पण इतके दळभद्री आकडे लबाडीने कोण आणेल? मास्तरांनी कागद मंजूर केला. पात्राचं नाव होतं भोळ्या.

ताई या गल्लीत नवीन होती. दर रविवारी दुपारी तिच्या दुकानातल्या कापायच्या टेबलावर खेळ मांडला जाई. निळं अस्तर पसरलं की त्याची नदी व्हायची, बटणांची माणसं व्हायची. खेळ चालवणारे मास्तर हलक्या आवाजात गोष्ट सांगत. खिडकीतल्या उन्हात तरंगणारे दोऱ्यांचे तंतू बघता बघता नदीवरचं धुकं वाटू लागत, आणि आपण दुकानात बसलोय हेच कुणाला आठवत नसे.

टपालवाल्याचा तिरंदाज आणि बेकरीवाल्या काकूंची चेटकीण एकाहून एक सरस. त्यांच्या गळ्यात भोळ्याचं लोढणं.

"याला इथेच सोडू या का?" पहिल्याच रविवारी टपालवाल्याने विचारलं.

"सोडा. आजवर सगळ्यांनी तेच केलंय," ताई म्हणाली आणि इस्त्री बघायला आत गेली. खेळ सोडून ती सारखी इस्त्री बघायला जाई.

जाताना तिचा चेहरा एवढासा झालेला पाहून टपालवाला वरमला. त्याने भोळ्याचं बटण मुकाट्याने आपल्या बटणाशेजारी ठेवलं.

मग हळूहळू भोळ्याची सवय झाली. तो घाबरला की ओरडायचं नाही, हात हातात घेऊन वीसपर्यंत मोजायचं. एकच प्रश्न त्याने दहादा विचारला तर दहादा उत्तर द्यायचं. उतरताना त्याच्या एक पायरी खाली राहायचं. ताई भोळ्या होऊन वागे आणि बाकीच्यांना आपोआप उमगत जाई. काकूंना तर पाव भाजतानाही त्याची काळजी वाटू लागली.

एका रविवारी झुलता पूल आला. पलीकडे पोचला तर भोळ्या वाचणार, नाही तर कायमचा बाद.

"तुम्ही दोघं सहज जाल," मास्तर म्हणाले. "त्याला बरोबर घेतलंत तर तिघंही पडू शकता. बोला."

ताईने टाचणी घेऊन अस्तराची कड पक्की केली.

"त्यात विचारायचं काय?" काकू डाफरल्या. "आपला माणूस आहे तो! टाक रे फासे."

टपालवाल्याने फासे टाकले. निळ्या नदीवरून तीन बटणं सावकाश सरकत गेली. मधेच पूल हलला तेव्हा काकू खरोखरच वीसपर्यंत मोजू लागल्या. तिघंही पलीकडे पोचले तेव्हा मास्तरांनीच टाळ्या वाजवल्या.

ताई ढसाढसा रडत होती.

"अहो, खेळच आहे," टपालवाला गोंधळून म्हणाला.

"उद्या माझं ऑपरेशन आहे," ताई म्हणाली. "महिनाभर तरी दवाखान्यातून सुटका नाही."

डोळे पुसून ती उठली आणि तिने आतल्या खोलीचं दार उघडलं. आत तिचा थोरला भाऊ एकटाच वीसपर्यंत मोजत बसला होता.

"ये रे दादा, घाबरू नकोस," ती म्हणाली. "मी घरी येईपर्यंत तुला सांभाळणारी माणसं ही."