कार्थेजचं आरमार

कार्थेज युद्ध हरल्यावर तहाच्या अटीप्रमाणे रोमन सैनिकांनी तिथल्या युद्धनौका बंदराबाहेर नेऊन पेटवल्या. तटावर जमलेली माणसं धाय मोकलून रडत होती. त्यातल्या कित्येक नौका बांधणारा म्हातारा गिस्को मात्र कोरड्या डोळ्यांनी पाहत उभा होता.

"आपल्या अझ्रूची नौका अजून परतली नाही, ते बरंच झालं," शेजारून बायको म्हणाली. "नाहीतर तीही जाळली असती."

मुलाची नौका लढाईत बुडाल्याचं गिस्कोला केव्हाच कळलं होतं. बायकोला सांगायचा धीर झाला नव्हता. आज लपवण्याइतकंही बळ उरलं नव्हतं.

"ती बुडाली, अरिशात. अझ्रूही गेला."

अरिशात रडली नाही. जळत्या नौकांकडे बघत राहिली.

"म्हणजे आता रोज वाट बघत धक्क्यावर यायला नको," ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली.