ज्याचे त्याचे आकडे

कॅन्टीनमध्ये पाच पोरं एकाच मोबाइलवर वाकलेली दिसली आणि भौतिकशास्त्राच्या तांबोळी मॅडमच्या तोंडाची चवच गेली. गृहपाठ ऑनलाइन देण्याचा हट्ट त्यांचाच होता. वहीत पोरं एकमेकांच्या चुकासुद्धा उतरवायची, म्हणून यंदा गणित सगळ्यांना तेच, आकडे मात्र ज्याचे त्याला वेगळे. त्यातूनही यांनी पळवाट काढलीच म्हणायची.

कान पकडायला मॅडम चहा घेऊनच मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"माझं उत्तर घेऊन तू काय करणार?" वर्गात कधी तोंड न उघडणारी आश्लेषा शेजारच्या पोराला म्हणत होती. "रीत सांगते. आधी आकृती काढ."

पोरानं वहीचं कोरं पान उघडलं. "सांग. पण सावकाश."

मॅडम पाऊल न वाजवता मागे फिरल्या. गार झालेला चहा त्यांनी चवीनं संपवला.