झिजलेला माणूस

चहात बुडवलेला टोस्ट यांना भरवत मी यांचाच प्रबंध वाचत होते. आयुष्यभर त्याला मी सवत म्हणत आले. वाटलं, मला विसरलेत तरी निदान सवत आठवेल.

“लॅटिनमधला ‘होमो’ म्हणजे माणूस. तोंडातोंडी झिजत फ्रेंचमध्ये त्याचा ‘ऑं’ झाला. ऑं म्हणजे कुणीतरी, कुणीही.”

“बिचारा,” हे म्हणाले. “बाई, लिहिलंय कुणी हे?”

मी मुखपृष्ठावरचं नाव दाखवलं. यांनी ते परक्याचं वाचावं तसं वाचलं.

“ओळखीचे आहेत तुमच्या?”

“नवरा माझा. लिहायला बसले की मी जेवले का, तेही विचारायचे नाहीत.”

हे ओशाळले, जणू त्या माणसाच्या वतीने. मग उरलेला टोस्ट माझ्यापुढे धरून म्हणाले, “तुम्ही खाल्लंत का काही?”